स्वेटरचा आतला खिसा

परवा सुनेच्या फोनवर नातीच्या शाळेचा निरोप आला. कलबुर्गीत पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि मैदानी खेळ मात्र ठरल्या दिवशीच होणार होते. म्हणून मुलांनी काय घालून यावं याची ही लांबलचक यादी. पाणी आत न शिरणारं जर्किन, त्याच्या आत लोकरीचं पातळ काहीतरी, मोज्यांचे दोन जोड, कोरडा टॉवेल. सुती बनियन नको, ते एकदा भिजलं की अंगाला चिकटून थंडी धरतं. गळ्यात, हातात काही नको. आणि सगळ्यात शेवटी, प्रत्येक कपड्यावर मुलाचं नाव घालावं, कपड्यांची अदलाबदल होऊ देऊ नये. सून वाचत होती, नात ऐकत होती, मी शेंगा फोडत होते. "अत्ती, तुमच्या वेळी काय घालायचे हो खेळायला?" सुनेनं मला विचारलं. "परकर," मी म्हटलं. दोघी हसल्या. मीही हसले, पण यादीची शेवटची ओळ काही केल्या मनातून जाईना. रात्री कूस बदलताना ठरवलं की हे एकदा लिहून टाकायचं. कुणी वाचो न वाचो.

आमचं घर हळ्ळीखेडला, पुढं अप्पांचं कापडाचं दुकान आणि मागं आम्ही. अप्पा म्हणजे माझे वडील. दिवसभर पुढून कापड फाडल्याचा आवाज यायचा आणि मागून अव्वाच्या, म्हणजे आईच्या, शिलाई मशीनचा. अव्वाशी आम्ही कन्नडमध्ये बोलायचो, अप्पांशी मराठीत, आणि दुकानात गिऱ्हाईक ज्या भाषेत भांडेल त्या भाषेत. जेवणाआधी प्रत्येकानं आंघोळ करून, गळ्यातलं इष्टलिंग चांदीच्या डबीतून काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावून पूजा करायची आणि मगच भाकरीला हात लावायचा, हा नियम होता. इष्टलिंग म्हणजे सुपारीएवढं काळं, गुळगुळीत. ते मला पाळण्यात असतानाच बांधलं होतं आणि ते अंगावेगळं करायचं नाही हे मला बोलायला लागायच्या आधीपासून ठाऊक होतं. पूजा झाली की गरम भाकरी, पुंडीची आंबट भाजी, शेंगाचटणी. पुंडी म्हणजे तिकडं अंबाडी म्हणतात ती. मी हाताळलेल्या सगळ्या वस्तूंत त्या लिंगाइतकी माझी अशी दुसरी कुठली नव्हती. पाटी फुटायची, परकर धाकट्या बहिणीला जायचा, ते मात्र माझंच.

माझी छाती लहानपणापासून नाजूक. म्हणजे तसं अव्वाचं म्हणणं. मला एकदा शिंक आली की घरात ओव्याची धुरी व्हायची, कानाला फडकं बांधलं जायचं, आणि आभाळ जरा काळवंडलं की माझ्या अंगावर कपडे चढायला सुरुवात व्हायची. बनियन, त्यावर पोलकं, त्यावर दादाचा जुना शर्ट. अव्वाच्या हिशेबानं थंडी ही चोरासारखी असते, जितकी दारं लावावी तितकी बरी. अप्पांनी सोलापूरहून मालाबरोबर एक मरून रंगाचा स्वेटर आणला होता, तो ह्या सगळ्यावर. मी गावात चालायला लागले की पोरं म्हणायची, दुकानच चाललं बघ. आता माझी नात जर्किन, त्याच्या आत लोकरीचं असं घालून आरशात स्वतःकडं कौतुकानं बघते. तिला थरांचे कपडे म्हणतात म्हणे. अव्वाला सांगायला हवं होतं की तिचं बरोबर होतं.

अशा मला खो-खोच्या संघात घेतलं ते माझ्या पळण्यामुळं नव्हे. मी बसायची चांगली. म्हणजे पाटीवर बसून डोळे उघडे ठेवायची आणि खो मिळाला की क्षणात उठायची. पळणारी खरी रत्नमाला. तिचे वडील भीमराव गवंडी, ओढ्याच्या पलीकडं बौद्धांची घरं होती तिथले. रत्नी धावायला लागली की समोरची पोरगी कुठल्या बाजूला वळणार हे तिला आधीच कळायचं. तिला कुणाकडून खो हवा असेल तर माझ्याकडून, कारण बाकीच्या घाईत हात लावायच्या आधीच ओरडायच्या. आम्ही वर्गात एका बाकावर बसत नव्हतो. असं कुणी सांगितलेलं नव्हतं, पण बसत नव्हतो. मैदानावर मात्र एका ओळीत तोंडं उलटी करून बसायचो, तिची पाठ इकडं तर माझी तिकडं. शाळेत माझी एकच मैत्रीण होती असं आज म्हणेन. तेव्हा म्हटलं असतं की नाही, सांगता येत नाही.

तालुक्याच्या खेळांना हुमनाबादला जायचं ठरलं आणि आठ दिवस आधी झड लागली. आमचे पीटीचे मास्तर उंच, किडकिडीत, बोलणं सगळं दखनी. त्यांनी आम्हाला व्हरांड्यात उभं करून काय घालायचं ते सांगितलं. परकर असेल तर काचा मारून, गुडघ्याच्या वर. केस घट्ट. पायात काही नको, काळ्या मातीत चप्पल रुतून बसते. "और गले में कुछ नक्को," त्यांनी सगळ्यांच्या गळ्याकडं बोट फिरवलं. त्याच आठवड्यात सरावात एकीची मण्यांची माळ दुसरीच्या बोटात अडकली होती आणि गळ्यावर लाल वळ उठला होता. मी हात आपोआप छातीवर ठेवला. मास्तरांना कळलं. ते हळू आवाजात म्हणाले, "घर में पूछ लेना अम्मा. मैं जबरदस्ती नहीं करतूं."

घरी विचारलं. अव्वा म्हणाली, जायचंच न्हाई मग. अप्पा म्हणाले, गावाचं नाव निघंल, दुकानात लोकं विचारायलेत पोरगी कधी जायली म्हणून. दोन दिवस हा घोळ चालला. डबी गळ्यात ठेवावी तर मास्तर खेळू देणार नाहीत, काढावी तर अंगावेगळी होते. शेवटी तोड अव्वानंच काढली, आणि ती इतकी झकास होती की तिचा मला आजही राग येत नाही. तिनं स्वेटरच्या आत, डाव्या बाजूला, बरोबर छातीवर येईल असा मांजरपाटाचा एक खिसा शिवला. त्यात लिंगाची डबी ठेवली आणि वरून खिशाचं तोंड चार टाके घालून बंद केलं. "स्वेटर अंगावर तवर लिंग अंगावर," ती म्हणाली. "आणि छातीला ऊबबी राहतीया. काढू नको म्हंजे झालं." एका दगडात तिच्या भीतीची दोन्ही पाखरं मेली. मला तो नवा खिसा इतका आवडला की मी सारखी आत हात घालून बघत होते.

हुमनाबादच्या मैदानावर सकाळी लाकडाचा भुसा टाकला होता. दहा वाजेपर्यंत तो आणि माती एकजीव झाली. पाऊस मोठा नव्हता, पण थांबतही नव्हता. पहिल्या सामन्यात मी स्वेटर घालून उतरले. ओली लोकर काय चीज असते हे तेव्हा मला कळलं. बाह्या लांबून बोटांपर्यंत आल्या, खालचा काठ मांड्यांवर आपटायला लागला, उठायला गेलं की कुणीतरी मागून धरून ठेवलंय असं वाटायचं. रत्नीला माझ्याकडून दोनदा खो मागावा लागला. मध्यंतरात मास्तर आले. "स्वेटर निकालो अम्मा. पानी पीको भारी हो गया." मी मान हलवली, नाही म्हणून. रत्नी माझ्याकडं बघत होती. तिच्या अंगावर शाळेचं एकच पांढरं पोलकं होतं, पाठीला चिकटून आतली हाडं दिसत होती. "काढ की गं म्हानंदे," ती म्हणाली, "हरलाव तर पुढं जिल्ह्याला, बीदरला, कोण नेतंय आपल्याला?"

मी व्हरांड्यात गेले. खिशाचे टाके तोडून डबी काढायची आणि पोलक्यात खोचायची, एवढंच करायचं होतं. दातानं एक टाका तोडलाही. तेवढ्यात शिट्टी झाली आणि माझं नाव घेऊन कुणीतरी ओरडलं. मी स्वेटर काढला, पिळला, खुंटीला अडकवला आणि पळाले. खरं सांगायचं तर त्यापुढचा दीड तास मला लिंगाची आठवण एकदाही आली नाही. मी अशी पळले, अशी वळले की मास्तर खांबाला धरून हसत होते. दोन्ही सामने आम्ही जिंकलो. अंगावर फक्त एक पोलकं, काचा मारलेला परकर आणि चिखल. जन्मात पहिल्यांदा मला माझं अंग हलकं वाटलं. आणि शेवटचा गडी बाद करून रत्नी व्हरांड्यात आली ती दात वाजवतच. ओठ जांभळे, हात लावला तर कपाळ तापलेलं. मी खुंटीवरचा स्वेटर काढला. वाऱ्यानं तो अर्धामुर्धा वाळला होता. मी तो तिच्या डोक्यातून घातला आणि खाली ओढला. यात मी काही मोठं केलं असं नाही, कुणीही केलं असतं. तेवढ्यात तिचे वडील आले. पावसानं त्यांचं तिथलं बांधकाम बंद होतं म्हणून पोरीचा खेळ बघायला आले होते. तिला ताप आहे म्हणून ते तिला घेऊन आधीच्या बसनं गेले. आम्ही मागच्या बसनं.

बसमध्ये सगळ्या गात होत्या. माझी अव्वानं दिलेली शेंगांची पोळी वाटून झाली, माझ्या वाट्याची मी तोंडाजवळ नेली आणि डावा हात आपसूक छातीवर गेला. तिथं काही नव्हतं. मी पोळी परत फडक्यात ठेवली. त्यानंतरचा रस्ता मला आठवत नाही.

घरी अव्वानं पाणी तापवून ठेवलं होतं. "स्वेटर कुठाय?" हा तिचा पहिला प्रश्न. मी सांगितलं. रत्नीला ताप होता, तिला घातला. अव्वानं हातातला तांब्या खाली ठेवला. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. "त्यांच्या घरी?" एवढंच म्हणाली. अप्पा दुकानातून आत आले, त्यांनी ऐकलं, कोपऱ्यातली छत्री हातात घेतली, थोडा वेळ तशीच धरून उभे राहिले आणि परत कोपऱ्यात ठेवली. "पाऊस हाय," ते म्हणाले, "सकाळी बघू." ओढा काही भरून वाहत नव्हता. शंभर पावलांवर रत्नीचं घर होतं. बसवजयंतीला चौकात उभं राहून सगळी माणसं एकच असं अप्पा पोटतिडकीनं बोलायचे, मी पुढं बसून टाळ्या वाजवायची. ते तेव्हा खोटं बोलले असं मला वाटत नाही. पण ते त्या दिवशी शंभर पावलं चालून गेले नाहीत. लिंगाशिवाय मी जेवणार नव्हते, आणि मी नाही म्हणून अव्वाही नाही. भाकऱ्या टोपल्यात तशाच राहिल्या.

सकाळी उजाडता उजाडता भीमराव आणि रत्नी दुकानाच्या कट्ट्याशी उभे. पावसासाठी दोघांच्या डोक्यावर पोत्याच्या खोळी. भीमरावांच्या हातात घासलेलं पितळी ताट, त्यावर नवा पांढरा कपडा, त्यावर घडी घातलेला स्वेटर. स्वेटरला चुलीच्या धुराचा वास येत होता. "राती कळलं आमाला," भीमराव म्हणाले. "हिची आई चुलीपाशी वाळवायली होती, हाताला टणक लागलं. उघडलं न्हाई. तसंच ताटात ठिवलं." मग जरा थांबून म्हणाले, "आमी देव मानत न्हाई अप्पा, तुमाला ठावं हाय. पर ही म्हणली, म्हानंदी ह्याच्याबिगर जेवत न्हाई. मग आमच्याबी पोटात घास उतरना. चूल इझवून टाकली."

अप्पा गादीवरून उठून कट्ट्यापर्यंत आले. "लई चांगलं केलास भीमराव," ते म्हणाले. मग म्हणाले, "ठेव तिथं कट्ट्यावर." ताट कट्ट्यावर टेकलं. अव्वानं हाताला पदर गुंडाळून खिसा उसवला आणि डबी केळीच्या पानावर घेतली. अप्पा रत्नीकडं वळले. "स्वेटर राहू दे तुला. तापातून उठलीस, बीदरला जायचंय, थंडी हाय." रत्नीचं तोंड असं उजळलं की मलाही आनंद झाला. वाटलं, अप्पा किती मोठ्या मनाचे. तिनं तिथंच स्वेटर अंगात घातला. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी हात हलवत होते.

डबी मात्र माझ्याकडं आली नाही. अप्पांनी निर्णा गावी माणूस धाडून आमच्या स्वामींना बोलावणं पाठवलं होतं. म्हातारे स्वामी भिजत आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लिंगाला काय झालंय? त्याला विटाळ लागत न्हाई. बांध की पोरीच्या गळ्यात." अप्पा खाली बघत म्हणाले, "स्वामी, मला कळतंय. पर दुकान गावात हाय." स्वामींनी ओली झोळी पुढं घेतली. मग त्यांनी झोळीत हात घातला आणि नवं लिंग काढलं. मी म्हटलं, माझं कुठाय? अव्वा म्हणाली, विहिरीत सोडलं. का, असं मी विचारलं नाही. त्या क्षणी मला कळलं की स्वेटर रत्नीला का दिला. नव्या दोऱ्याचा पिवळेपणा गळ्याला लागत होता, तळहातावरचं लिंग ओळखीचं वाटत नव्हतं, आणि तरीही पूजा झाल्याबरोबर मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. भूक लागली होती. आज ह्या वयात मला त्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात जास्त लाज कशाची वाटत असेल तर त्या तीन भाकऱ्यांची. रत्नीच्या घरी चूल कधी पेटली ते मी विचारलंही नव्हतं.

बीदरला मी जाणार नाही हेही त्याच दिवशी ठरलं. छाती नाजूक, असं कारण. मास्तर दुकानात येऊन दोनदा बोलून गेले. अप्पांनी त्यांना चहा पाजला आणि आभाळाकडं बोट दाखवलं. मास्तरांना काय समजायचं ते समजलं असणार, ते जाताना मला म्हणाले, "मैं क्या करूं अम्मा." शाळेत रत्नी रोज तो स्वेटर घालून यायची. चौथ्या दिवशी सरावानंतर ती माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्या गळ्याकडं बघत राहिली. "दोरा नवा हाय," ती म्हणाली. मी डबी पोलक्यात सारली. "डबीबी नवी हाय." मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. जुना तुटला, डबी चेपली, काहीही सांगता आलं असतं. तोंडच उघडलं नाही. ती दप्तर उचलून गेली. दुसऱ्या दिवशी ती नुसत्या पोलक्यात आली.

संघ बीदरला निघाला त्या सकाळी मी कुणाला न सांगता बसथांब्यावर गेले. झड तशीच होती. मुली आत चढल्या होत्या, खिडक्यांना गज होते, रत्नी शेवटून दुसऱ्या खिडकीत. अंगावर तेच पांढरं पोलकं, खांदे ओले, हात काखेत दाबून धरलेले. मला बघून तिनं मांडीवरचा स्वेटर उचलला आणि गजांतून बाहेर काढला.

"घे. तुझा हाय."

"तू घाल की गं," मी म्हटलं. "तिथं लई थंडी असंल."

"नको." ती रागावलेली नव्हती, तेच मला सहन झालं नाही. "धुतला न्हाई मी. तुमच्या घरी धुतीलच की."

बस हलली. मी स्वेटर हातात घेऊन उभी. तिथं तो बघायला कुणी नव्हतं, तरी मी तो अंगात घातला, काठ खालपर्यंत ओढला आणि पावसातून गावभर फिरून, चौकातून, दुकानासमोरून घरी आले. एवढंच मला सुचलं. चुलीच्या धुराचा वास अजून त्यात होता. आतला खिसा उसवलेला, नुसता लोंबत होता. अप्पांनी गादीवरून पाहिलं आणि गिऱ्हाइकाशी बोलायला लागले. बीदरला आमची शाळा पहिल्याच सामन्यात हरली. रत्नी परत आली, पुढं शाळेत दीड वर्ष होती. आम्ही खो-खोच्या ओळीत पुन्हा कधी बसलो नाही. मग भीमराव कामासाठी हैदराबादला गेले, सगळ्या घरासकट. नवं लिंग आज माझ्या गळ्यात आहे. इतक्या वर्षांनंतरही मी त्याला मनात नवंच म्हणते.

त्या दिवशी मी तशीच, चिखलाच्या पायांनी, स्वेटर घालून मागच्या दारात जाऊन उभी राहिले. आज अव्वाशी भांडायचं, विहिरीचं विचारायचं, असं सगळं रस्त्यात जुळवून ठेवलं होतं. अव्वा चुलीपुढं बसली होती. तिनं स्वेटर पाहिला, माझं तोंड पाहिलं. तिचे डोळे रडून लाल झालेले होते, धुरानं नव्हे.

"पाणी तापलंय," ती म्हणाली. "तो तिथंच बाहीर काढ आणि न्हाऊन घे."

मी स्वेटर काढला, दाराबाहेर ठेवला, आणि न्हाले.